निर्णय कोणाचा? प्रगत कर्करोग, वेदनामुक्ती आणि रुग्णाची निवड

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधिस्थळामुळे अवघ्या महाराष्ट्राला परिचित आहे. पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील कोरेगाव भीमापासून थोडे आत वसलेल्या या गावाहून पुणे शहर तीस-पस्तीस किलोमीटरवर येते. अंतर तसे फार नाही. पण अंगात त्राण न उरलेल्या रुग्णाला गाडीच्या मागच्या सीटवर आडवे करून, वाघोलीची वाहतूक ओलांडून शहरातील रुग्णालयात न्यायचे, केमोथेरपीचे सलाइन संपल्यावर रात्री परत आणायचे आणि तीन आठवड्यांनी पुन्हा निघायचे, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच या अंतराचा खरा हिशेब ठाऊक असतो.

कर्करोग शरीरात पसरला आहे, दोन औषधे देऊन झाली आहेत आणि आता तिसरे सुचवले जात आहे, असा टप्पा अनेक कुटुंबांत येतो. डॉक्टर मुलाला किंवा जावयाला आत बोलावतात. औषधाची किंमत, त्रास, शक्यता यांवर चर्चा होते. घरची मंडळी एकमेकांकडे पाहतात आणि होकार देतात. ज्याच्या शरीरात ते औषध जाणार असते, तो मात्र बहुधा बाहेरच्या बाकावर बसलेला असतो.

प्रगत कर्करोगाच्या उपचारांतील सर्वांत नाजूक प्रश्न येथेच आहे. कोणते औषध द्यायचे, हा वैद्यकशास्त्राचा विषय झाला. उरलेला काळ कसा घालवायचा, हा ज्याचा तो काळ आहे त्याचा विषय आहे. हा निर्णय रुग्णाला खऱ्या अर्थाने घेता यावा, यासाठी तीन गोष्टी लागतात: आजाराची खरी माहिती, वेदनेपासून सुटका आणि आपला शब्द पाळला जाईल याची खात्री. या तिन्ही गोष्टी देण्याचे काम पॅलिएटिव्ह केअर, म्हणजेच उपशामक सेवा, करते.

बरे करणे आणि बरे वाटणे

'ग्लोबोकॅन' या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख रुग्णांचा मृत्यू झाला. आपल्याकडे अनेक रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. अशा वेळी उपचारांचा हेतू बदलतो. सुरुवातीच्या अवस्थेत शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमोथेरपी यांचा उद्देश रोग समूळ घालवणे हा असतो. रोग यकृत, फुप्फुस, हाडे किंवा मेंदूपर्यंत पसरल्यानंतर बहुतेक कर्करोगांत हा उद्देश साध्य होण्यासारखा राहत नाही. त्यानंतर दिलेली केमोथेरपी आयुष्य काही काळ वाढवण्यासाठी किंवा गाठीमुळे होणारा त्रास कमी करण्यासाठी असते.

चौथी अवस्था म्हणजे सर्वांचे सारखेच भवितव्य, असा मात्र याचा अर्थ नव्हे. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात रोग पसरल्यावरही कित्येक रुग्ण गोळ्यांवर काही वर्षे चांगले जगतात. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत जनुकीय तपासणीनंतर मिळणाऱ्या लक्ष्यवेधी गोळ्यांनी चित्र पालटते. म्हणूनच 'आता काही उपयोग नाही' आणि 'शेवटपर्यंत सगळे करायचे' ही दोन्ही वाक्ये रुग्णाची नेमकी स्थिती समजून घेतल्याखेरीज उच्चारणे चुकीचे ठरते.

अडचण अशी की, उपचारांचा हेतू बदलला आहे हेच अनेकदा रुग्णाला कळलेले नसते. अमेरिकेत ११९३ रुग्णांच्या पाहणीवर आधारित एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सर्व रुग्ण पसरलेल्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेत होते. या केमोथेरपीने आपला रोग बरा होण्याची शक्यता जवळपास नाही, याची जाणीव फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६९ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८१ टक्के रुग्णांच्या उत्तरांतून दिसली नाही. माहितीचा अधिकार कसोशीने पाळणाऱ्या देशातील ही अवस्था आहे. जेथे आजाराचे नावही रुग्णासमोर घेतले जात नाही, तेथे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

मरणाची नव्हे, जगण्याची सेवा

उपशामक सेवेच्या आधुनिक रूपाचे श्रेय डेम सिसिली सॉन्डर्स यांना दिले जाते. परिचारिका, वैद्यकीय समाजसेविका आणि नंतर डॉक्टर अशा तिन्ही भूमिकांतून रुग्णांना पाहिलेल्या सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. कर्करोगाची वेदना केवळ शारीरिक नसते. तिच्यात भीती, पैशाची काळजी, नात्यांतील ताण आणि 'माझ्याच वाट्याला हे का' हा प्रश्न मिसळलेला असतो, असे त्यांनी मांडले. या एकत्रित यातनेला त्यांनी 'समग्र वेदना' म्हटले. साहजिकच तिच्यावरचा उपायही डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, समाजसेवक आणि कुटुंबीय यांनी मिळूनच करावा लागतो.

भारतात या कामाची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये डॉ. लुईस डिसोझा यांच्या पुढाकाराने 'शांती आवेदना सदन' हे देशातील पहिले हॉस्पिस उभे राहिले. पुढे गोवा आणि दिल्ली येथेही त्याच्या शाखा निघाल्या. १९९३ मध्ये केरळातील कोळिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कामातून घरोघरी जाणाऱ्या स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली. केरळ सरकारने २००८ मध्ये उपशामक सेवेचे स्वतंत्र धोरणही जाहीर केले. पुण्यात वारजे येथे १९९७ मध्ये सिप्लाच्या पुढाकाराने उपशामक सेवा आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तेथे कर्करोगाच्या रुग्णांना मोफत दाखल करून घेतले जाते, सोबत कुटुंबातील व्यक्तीलाही राहता येते आणि घरी सेवा कशी करावी याचे शिक्षण तिला दिले जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग असून, २०१२ पासून तेथे उपशामक वैद्यक या विषयात एम.डी.चे शिक्षणही दिले जाऊ लागले.

तरीही 'पॅलिएटिव्ह' हा शब्द ऐकला की नातेवाइकांचे चेहरे उतरतात. डॉक्टरांनी हात टेकले, आता केवळ दिवस मोजायचे, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. हा समज खोडून काढणारा एक महत्त्वाचा अभ्यास बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कर्करोग पसरल्याचे नुकतेच निदान झालेल्या १५१ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला कर्करोगाचे नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला तेच उपचार आणि सोबत पहिल्यापासून उपशामक सेवा मिळाली. दुसऱ्या गटातील रुग्णांचे जीवनमान अधिक चांगले राहिले, नैराश्य कमी आढळले आणि आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आक्रमक उपचार कमी घेतले. एवढे असूनही त्यांचे मध्यक आयुर्मान ११.६ महिने भरले. पहिल्या गटाचे ८.९ महिने होते.

एका अभ्यासावरून उपशामक सेवेने आयुष्य हमखास वाढते, असे म्हणता येणार नाही. नंतरच्या सर्व अभ्यासांत आयुर्मानातील फरक दिसलेला नाही. मात्र ही सेवा घेतल्याने आयुष्य घटते, ही भीती निराधार असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. उपशामक सेवा निदानापासूनच, केमोथेरपीच्या जोडीनेही सुरू करता येते. ती सुरू करण्यासाठी कर्करोगाचे उपचार थांबवावे लागत नाहीत.

वेदना सहन करण्याची सक्ती

वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला 'तुमची इच्छा काय' असे विचारणे ही क्रूर थट्टा आहे. त्याची त्या क्षणी एकच इच्छा असते. म्हणून निवडीची पहिली अट वेदनामुक्ती ही होय.

कर्करोगाच्या वेदनेवर उपाय आहेत आणि त्यांपैकी बरेचसे स्वस्त आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी औषधे, मध्यम वेदनेला सौम्य अफूजन्य औषधे आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. शक्यतो तोंडावाटे, ठरलेल्या वेळी आणि रुग्णाच्या गरजेनुसार मात्रा, ही तिची सूत्रे. २०१८ च्या सुधारित मार्गदर्शनात पायऱ्यांपेक्षा प्रत्येक रुग्णाच्या वेदनेनुसार औषध निवडण्यावर अधिक भर आहे. मात्र वेळेवर औषध देण्याचे सूत्र कायम आहे. दुखू लागल्यावर गोळी शोधण्याऐवजी दुखू नये म्हणून गोळी द्यायची, हा त्यातील विचार आहे. साधी मॉर्फिनची गोळी साधारणपणे दर चार तासांनी द्यावी लागते. हाडातील गाठीच्या वेदनेवर रेडिएशनची एखादी मात्राही पुष्कळ आराम देऊन जाते.

मॉर्फिनविषयी समाजात आणि काही डॉक्टरांतही तीन भीती आढळतात. पहिली व्यसनाची. कर्करोगाच्या वेदनेसाठी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णांत व्यसन क्वचितच जडते. दुसरी भीती मृत्यू लवकर येण्याची. योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने तसे होत नाही. उलट अखेरच्या काळातील दम लागण्यावरही ते उपयोगी पडते. तिसरी भीती अशी की, आताच दिले तर पुढे उपयोग होणार नाही. मॉर्फिनची मात्रा गरजेनुसार वाढवता येते, त्यामुळे ते 'शेवटासाठी राखून' ठेवण्याचे कारण नाही. बद्धकोष्ठता हा त्याचा ठरलेला दुष्परिणाम आहे. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच जुलाबाचे औषध सुरू करावे लागते. सुरुवातीला मळमळ आणि गुंगी येऊ शकते. ती बहुधा काही दिवसांत ओसरते.

ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, त्याच देशात कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन मिळेनासे झाले होते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कठोर तरतुदींमुळे रुग्णालये आणि औषध दुकाने हे औषध ठेवायला धजेनाशी झाली. एका साठ्यासाठी वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने लागत. देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर घसरत घसरत १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोवर आला. डॉ. राजगोपाल आणि इतरांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला आता राज्याच्या औषध नियंत्रकांच्या एकाच मान्यतेवर ही औषधे ठेवता येतात.

कायदा बदलला, सवय मात्र सावकाश बदलते आहे. दरवर्षी जगात ५ कोटी ६८ लाख लोकांना उपशामक सेवेची गरज असते आणि त्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांनाच ती मिळते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. गरज असणाऱ्यांतील बहुसंख्य लोक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात.

'त्यांना सांगू नका'

दुसरी अट माहितीची. आपल्याकडील कुटुंबव्यवस्थेत आजाऱ्याची काळजी घेणारे हात पुष्कळ असतात, ही मोठी जमेची बाजू आहे. पण याच मायेपोटी 'बाबांना सांगू नका, ते खचतील' अशी विनंती डॉक्टरांना केली जाते. त्यानंतर घरात एक विचित्र नाटक सुरू होते. 'गाठीची साधी ट्रीटमेंट आहे' असे सांगून रुग्णाला कर्करोग रुग्णालयात नेले जाते. तेथील पाटी तो वाचतो, शेजारच्या खाटेवरचे बोलणे ऐकतो आणि बहुतेक वेळा सारे ओळखतो. मुलांना वाईट वाटू नये म्हणून तोही काही विचारत नाही. मग एकाच घरात, एकाच दुःखाने ग्रासलेली माणसे एकमेकांपासून ते लपवत बसतात. शेतीची वाटणी, बँकेचे खाते, धाकट्या मुलीचे लग्न, जुने भांडण मिटवणे, पंढरीला एकदा जाऊन येणे, यांतले काहीही बोलायचे राहून जाते.

कायद्याची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निर्णय दिला. प्रौढ आणि समजूतदार रुग्णावर तातडीचा प्रसंग नसताना उपचार करायचे असतील, तर पुरेशी माहिती देऊन त्याचीच संमती घ्यावी लागते. त्याच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमती पुरेशी ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या प्रकरणात संमती आईने दिली होती.

याचा अर्थ प्रत्येक रुग्णावर सत्य एकदम आदळावे, असा नाही. माहिती मिळवणे हा जसा हक्क आहे, तसे ती नको म्हणणे हाही हक्कच आहे. अनुभवी डॉक्टर आधी रुग्णालाच विचारतात: 'आजाराबद्दल तुम्हाला काय सांगितले गेले आहे? सगळे जाणून घ्यायला आवडेल, की मुलाशी बोलू?' एखादी आजी 'थोरल्याला सांगा, तो बघेल' असे म्हणाली, तर तो तिचा निर्णय झाला. पण तिला न विचारता थोरल्याने तो घेणे, ही वेगळी गोष्ट आहे. सांगताना एका बैठकीत सारे न सांगता, रुग्णाच्या पचनी पडेल तेवढे, त्याच्या भाषेत आणि घरचे जवळ असताना सांगितले जाते. 'काहीच करता येणार नाही' हे वाक्य टाळले जाते, कारण ते खोटे असते. रोग बरा करता येत नसला, तरी दुखणे, उलटी, दम, झोप न येणे, भीती यांवर करण्यासारखे पुष्कळ असते.

पुढील उपचार ठरवण्याआधी रुग्णाने किंवा त्याच्या संमतीने घरच्यांनी डॉक्टरांना काही प्रश्न स्पष्टपणे विचारावेत:

- या औषधाने रोग बरा होणे अपेक्षित आहे, की तो काही काळ रोखला जाणे?
- फायदा होण्याची शक्यता किती, आणि झाल्यास तो साधारण आठवड्यांचा, महिन्यांचा की वर्षांचा?
- त्रास कोणता होईल आणि किती दिवस रुग्णालयात जातील?
- उपयोग होत नाही हे केव्हा आणि कशावरून कळेल?
- हे औषध न घेतल्यास काय होईल आणि त्रास कमी ठेवण्यासाठी काय करता येईल?

या उत्तरांनंतर एक रुग्ण तिसरे औषध घेईल, कारण नातवाची दहावी त्याला पाहायची असते. दुसरा नको म्हणेल, कारण उरलेले दिवस त्याला स्वतःच्या ओसरीवर काढायचे असतात. दोघांचेही बरोबर असते. घेतलेला निर्णय नंतर बदलण्याची मुभाही दोघांना असते.

इतर वाटा आणि खर्चाचा प्रश्न

निवडीच्या चर्चेत आयुर्वेदादी पद्धतींचा विषय येतोच. वढू बुद्रुकहून पुण्याला येताना वाटेत वाघोली लागते आणि तेथे आयुर्वेदाला आधुनिक उपचारांची जोड देऊन कर्करोगावर काम करणारे केंद्र आहे. भूक, झोप, अशक्तपणा यांसाठी अनेक रुग्ण अशी पूरक औषधे घेतात. ती घेत असल्याचे कर्करोगतज्ज्ञांना सांगणे आवश्यक आहे, कारण काही औषधे केमोथेरपीच्या औषधांशी विपरीत वागू शकतात किंवा यकृतावर ताण आणू शकतात. खरा धोका आहे तो बरा होण्यासारखा कर्करोग असताना प्रमाणित उपचार पूर्णपणे सोडून देण्यात. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, न पसरलेल्या कर्करोगावर केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्या रुग्णांत मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. 'हमखास बरा करू' अशी जाहिरात करून हजारो रुपये आगाऊ मागणाऱ्यांपासून प्रगत कर्करोगाच्या रुग्णांनी दूरच राहावे. त्यांच्या असहायतेवरच अशा दुकानांचा धंदा चालतो.

पैशाचा विषयही टाळून चालणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांचा मोठा भार हलका होतो. पण नवी, महागडी औषधे आणि येण्याजाण्याचा, राहण्याचा, बुडालेल्या रोजगाराचा खर्च कुटुंबालाच सोसावा लागतो. काही आठवड्यांच्या शक्यतेसाठी जमिनीचा तुकडा विकायचा का, हा प्रश्न रुग्णाला न विचारता सोडवला जातो. आणि जमीन बहुधा त्याचीच असते. 'पैशासाठी उपचार थांबवले' असे लोक म्हणतील, या धास्तीने मुले कर्ज काढतात. रुग्णाने स्वतःची इच्छा आधीच बोलून ठेवली असेल, तर मुलांच्या मनावरचे हे ओझे बऱ्याच अंशी उतरते.

इच्छापत्राचा आधार

बोलता येईनासे झाल्यावर आपला शब्द कोण पाळणार, हा तिसरा प्रश्न. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ मधील हल्ल्यानंतर चार दशकांहून अधिक काळ अचेतन अवस्थेत राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. त्यांचे उपचार थांबवण्याची मागणी फेटाळली गेली, पण काटेकोर अटींवर कृत्रिम जीवनाधार काढण्याचे तत्त्व प्रथमच मान्य झाले. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजेच 'लिव्हिंग विल'ला, मान्यता दिली. त्या वेळी ठरवलेली प्रक्रिया इतकी किचकट होती की, ती प्रत्यक्षात आणणे जवळपास अशक्य होते. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली.

आता सज्ञान आणि सुबुद्ध व्यक्ती दोन साक्षीदारांसमोर इच्छापत्र करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करू शकते. बरे होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटर, डायलिसिस यांसारखे कोणते उपाय नकोत, हे त्यात लिहिता येते. आपल्या वतीने बोलणाऱ्या एकापेक्षा अधिक विश्वासू व्यक्तींची नावेही देता येतात. प्रत्यक्ष वेळ आली की रुग्णालयाचे प्राथमिक आणि त्यानंतर दुय्यम वैद्यकीय मंडळ रुग्णाची स्थिती तपासते. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, असे अपेक्षित आहे. अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवले जाते. इच्छापत्राची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे ठेवण्याची तरतूद आहे. मुंबईतील डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेनंतर महाराष्ट्रात असे अधिकारी नेमण्याच्या कामाला गती मिळाली.

हे दयामरण नव्हे, हेही समजून घ्यायला हवे. औषध टोचून मृत्यू घडवून आणणे भारतात बेकायदा आहे. येथे रोगाला त्याच्या मार्गाने जाऊ देऊन, निरर्थक यंत्रोपचार टाळून रुग्णाचा त्रास कमी ठेवला जातो. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तर एखादा उपचार नाकारण्यासाठी इच्छापत्राचीही गरज नसते. त्याचा नकार पुरेसा असतो.

घर हेच रुग्णालय

अखेरचे दिवस घरी काढण्याची इच्छा अनेक जण व्यक्त करतात. ती पुरी करायची, तर घराची तयारी लागते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलली, त्वचा कोरडी आणि स्वच्छ ठेवली, तर पाठीच्या जखमा पुष्कळशा टाळता येतात. तोंड वारंवार ओल्या कापसाने पुसल्यास कोरड आणि फोड कमी होतात. औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावाव्यात. रात्री वेदना वाढली तर कोणती जास्तीची मात्रा द्यायची आणि कोणाला फोन करायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

अन्नाचा प्रश्न घरच्यांना सर्वाधिक छळतो. 'दोन घास तरी खा' हा आग्रह मायेचा असतो. पण शेवटच्या टप्प्यात भूक मंदावणे हा शरीर थांबत चालल्याचा नैसर्गिक भाग आहे. न खाल्ल्यामुळे माणूस जात नसतो. जाण्याच्या वाटेवर असल्यामुळे त्याचे खाणे सुटते. अशा वेळी जबरदस्तीने भरवल्यास घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. सलाइनही बऱ्याचदा सूज आणि घशातील घरघर वाढवते. ओठ ओले ठेवणे, मागेल तेवढाच घोट देणे आणि हात हातात घेऊन जवळ बसणे, हीच त्या वेळची सेवा असते. घरी मृत्यू झाल्यास कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र कोण देईल, हे गावातील डॉक्टरांशी आधी बोलून ठेवावे. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करावी लागते.

या सेवेला गावातच सरकारी आधार मिळावा, अशी योजना कागदावर आहे. २०१२ मध्ये राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम आखला गेला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही या सेवेचा समावेश झाला. २०१८ पासून उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचे ज्या आरोग्य केंद्रांत रूपांतर झाले आणि ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हटले जाते, त्यांच्या सेवांच्या यादीत वृद्धांची आणि उपशामक सेवा आहे. आशा सेविका कोणत्या घरात कोण अंथरुणावर आहे हे जाणते. समुदाय आरोग्य अधिकारी जखमेची मलमपट्टी करू शकतो, औषधांवर लक्ष ठेवू शकतो. उणीव आहे ती प्रशिक्षणाची आणि तालुक्याच्या पातळीवर मॉर्फिन उपलब्ध असण्याची. वढू बुद्रुकमधील रुग्णाला मॉर्फिनच्या गोळ्यांसाठी शहर ओलांडून वारज्यापर्यंत जावे लागू नये. शिरूरमध्येच त्या मिळाल्या, तर तीच गोष्ट त्याच्यासाठी नव्या महागड्या औषधापेक्षा मोलाची ठरेल.

कर्करोगाच्या उपचारांत गेल्या तीन दशकांत झालेली प्रगती थक्क करणारी आहे. पण औषधे वाढली म्हणजे ती सारी प्रत्येकाने घेतलीच पाहिजेत, असे होत नाही. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला आत बोलावून, त्याच्या शेजारी खुर्ची ओढून 'तुम्हाला काय हवे आहे' असे विचारण्यासाठी नव्या शोधाची गरज नाही. डॉक्टरांनी तो प्रश्न विचारावा, घरच्यांनी तो विचारू द्यावा आणि उत्तर काहीही आले, तरी त्याच्या वेदनेची जबाबदारी कोणी झटकू नये, एवढेच अपेक्षित आहे.